दोन ओळींची दुरुस्ती

एप्रिल २०२१ मध्ये जर्मनीतल्या एका वेब होस्टिंग कंपनीकडे ग्राहकाची तक्रार आली. वेबसाइटवर कोण कधी आलं याची नोंद असलेली लॉग फाइल डाउनलोड होत होती, पण उघडत नव्हती. तिथले प्रोग्रॅमर मॅक्स केलरमान यांनी तपासलं, तर आतला मजकूर शाबूत होता. शेवटी असणारा पडताळणीचा आकडा तेवढा बिघडला होता. त्यांनी तो हाताने दुरुस्त केला आणि तक्रार निकालात काढली. काही महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा आली. मग आणखी एकदा.

सॉफ्टवेअरच्या तक्रारी बहुधा अशाच येतात. ग्राहक लक्षण सांगतो, दोष शोधणं हे पुढच्या माणसाचं काम. या कामात नवा कोड लिहायला लागतो तो वेळ सगळ्यात थोडा, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. केलरमान यांची ही शोधाशोध अखेर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापर्यंत, म्हणजे कर्नलपर्यंत पोचली.

त्यांनी जुन्या फाइली चाळल्या. तीन महिन्यांत ३७ फाइली बिघडलेल्या सापडल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या होत्या. प्रत्येक फाइलच्या शेवटी तेच आठ बाइट चुकीचे. त्यांतले पहिले दोन होते ‘पी’ आणि ‘के’ ही रोमन अक्षरं, म्हणजे झिप फाइलचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. झिपच्या शेवटी जी अनुक्रमणिका असते, तिची सुरुवात या अक्षरांनी होते. महिनाभराच्या लॉगची झिप करून ग्राहकाला पाठवणारा एक प्रोग्रॅम त्या सर्व्हरवर होता खरा. पण त्याला मूळ फाइली फक्त वाचायची परवानगी होती. ज्याला लिहिण्याचा अधिकारच नाही, त्याचे बाइट फाइलमध्ये शिरले कसे?

अशा वेळी संशय आधी स्वतःच्या कोडवर घ्यायचा, कर्नलवर अगदी शेवटी, असा या धंद्यातला शिरस्ता आहे. केलरमान यांनी तो पाळला. बाकी सगळ्या वाटा संपल्यावर त्यांनी दोन चिमुकले प्रोग्रॅम लिहिले. एक फाइलमध्ये फक्त ‘ए’ हे अक्षर लिहीत राहतो. दुसरा तीच फाइल वाचून पाइपमध्ये, म्हणजे एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे माहिती नेणाऱ्या मार्गात, सोडतो आणि मागोमाग ‘बी’ अक्षरं पाठवतो. फाइलमध्ये ‘बी’ उमटले. कोणालाही हवं तेव्हा घडवून दाखवता येईल असा दोष आता हातात होता. माझ्या मते या सगळ्या हकिकतीतली सर्वांत मोलाची पायरी हीच.

कर्नलच्या ४.१९ या आवृत्तीत हा बिघाड नव्हता, ५.१० मध्ये होता. या दोहोंच्या मध्ये १,८५,०११ बदल झालेले. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये घडवलेल्या ‘गिट’ या साधनात अशा शोधासाठी एक सोय आहे: मधली आवृत्ती तपासायची, दोष कोणत्या अर्ध्या भागात आहे ते पाहायचं, उरलेल्याचे पुन्हा दोन भाग करायचे. सतरा पायऱ्यांत नेमका बदल सापडला. तो २०२० मधला, कोडची आवराआवर करणारा होता. मूळ चूक मात्र २०१६ ची निघाली. पाइपमधल्या जागेवर ‘इथे आणखी मजकूर जोडला तरी चालेल’ अशी एक खूण असते. जागा पुन्हा वापरताना ती पुसायची राहिली होती. चार वर्षं ही चूक निरुपद्रवी राहिली, आवराआवरीनंतर ती घातक झाली. फाइल नुसती वाचू शकणारा साधा वापरकर्ता तिच्यावर लिहून यंत्राचा ताबा घेऊ शकत होता.

२० फेब्रुवारी २०२२ रोजी केलरमान यांनी अहवाल, पुरावा आणि दुरुस्ती कर्नलच्या सुरक्षा गटाकडे पाठवली. दुरुस्ती दोन ओळींची: दोन ठिकाणी ती खूण शून्य करायची. अशा दुरुस्तीसोबत नुसता कोड जात नाही. काय बिघडलं, का, कोणत्या जुन्या बदलामुळे, हेही लिहावं लागतं. लिहिणारा आणि पुढे नेणारा, दोघेही नावानिशी सही करतात. इथे दुसरी सही कर्नलचे एक प्रोग्रॅमर अल व्हिरो यांची आहे आणि २०१६ चा तो बदलही त्यांचाच होता. आपल्याच जुन्या चुकीच्या दुरुस्तीवर उघडपणे सही करता येणं, हे मला या पद्धतीचं फार मोठं बळ वाटतं. कर्नलच्या वापरात असलेल्या आवृत्त्यांत जाणारी दुरुस्ती आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींहून मोठी नसावी असा नियम आहे. छोटा बदल डोळ्यांखालून नीट जातो.

२३ फेब्रुवारीला दुरुस्त आवृत्त्या बाहेर पडल्या, दुसऱ्या दिवशी गूगलने ती दुरुस्ती अँड्रॉइडच्या कर्नलमध्ये घेतली आणि ७ मार्चला ‘डर्टी पाइप’ या नावाने हा दोष जगाला सांगण्यात आला.

हे सगळं सुरू झालं ते एका ग्राहकाच्या तक्रारीतून. तेव्हा तुमच्या मोबाइलवरचं एखादं ॲप बिघडलं, तर तक्रारीत ‘चालत नाही’ एवढंच लिहून थांबू नका. कोणतं बटण दाबलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, ॲपची आवृत्ती कोणती, पुन्हा तसंच केलं तर पुन्हा होतं का, हे चार ओळींत लिहा. आणि उत्तर आल्यावरही बिघाड परत दिसला, तर पुन्हा कळवा.