नाव बदलून मिळालेली नोकरी

वेषांतर म्हटले की आपल्याला विराटाघरचे पांडव आठवतात. भीम बल्लव झाला, अर्जुन बृहन्नडा झाला; पण तो अज्ञातवास एका वर्षाचा होता, आणि तो केव्हा संपणार हे त्यांना पहिल्याच दिवशी ठाऊक होते. पोटासाठी स्वतःची ओळख झाकणाऱ्याला अशी मुदत कोणी घालून देत नाही.

एलिया कझान यांच्या १९४७ सालच्या 'जंटलमन्स ॲग्रीमेंट' या अमेरिकन चित्रपटात ही दोन्ही प्रकारची माणसे एकाच कचेरीत भेटतात. ग्रेगरी पेकने रंगविलेला पत्रकार एका लेखमालेसाठी काही आठवडे स्वतःला ज्यू म्हणवून घेतो. प्रेक्षकांचे डोळे त्याच्यावर असतात. माझे मात्र त्याच्या सेक्रेटरीवर खिळले. ही बाई खरोखरीच ज्यू. तिने याच मासिकाकडे दोन अर्ज धाडले होते. मजकूर तोच, फक्त एकावर ज्यू वळणाचे नाव आणि दुसऱ्यावर इंग्रजी वळणाचे. पहिल्याला नकार आला, दुसऱ्याला नोकरी! आणि मासिक कोणते, तर पुरोगामी म्हणून मिरवणारे. पुढे भरतीत धर्म पाहायचा नाही असे वरून ठरते, तेव्हा घाबरते ती हीच बाई. आपल्यातले भलतेसलते लोक आत आले तर आपली पंचाईत व्हायची, ही तिची धास्ती. कामगारांत फूट पाडायला मालकाला दर वेळी माणूस नेमावा लागतो असे नाही. असली धास्ती ते काम बिनपगारी करते.

नेला लार्सन या कृष्णवर्णीय लेखिकेच्या 'पासिंग' (१९२९) या कादंबरीतील क्लेअर गोरी म्हणून संसार थाटून बसली आहे. चहाच्या वेळी तिचा गोरा नवरा काळ्या लोकांविषयी वाटेल ते बरळतो. समोर बसलेल्या तिघीही बायका त्याच वंशाच्या. त्याला पत्ता नाही. आणि तिघी हसतात.

आपल्याकडे बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली निघाला. त्याच नावाच्या कथेतला तरुण रेल्वेत कामाला लागतो. काम मिळाले तरी राहायला खोली हवी, आणि घरमालकाचा पहिला प्रश्न जातीचा. जातीविषयी तो गप्प राहतो आणि त्याला खोली मिळते. पुढे बिंग फुटते, मार बसतो. त्याला सोडवायला धावतो तो त्याच्याच समाजाचा, कामावरचा सोबती, ज्याने आपली जात कधीच लपवलेली नसते. आणि एवढा मार खाऊनही तो तरुण मारणाऱ्यांना दोष देत नाही. दोष देतो मनूला.