'पुढे' दाबल्यावर

नोकरीतलं ऑनलाइन ट्रेनिंग म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. स्क्रीनवर कोटातली हसरी बाई, कोपऱ्यात 'पुढे'चं बटण, शेवटी दहा प्रश्न आणि एक सर्टिफिकेट. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सगळं ऑफिस एकदमच हे बटण बडवत असतं. या प्रकाराबद्दल मला फारशी आपुलकी नव्हती. पण त्या बटणामागे काय चालतं हे कळल्यापासून मी त्याच्याकडे जरा आदराने बघतो.

कोर्स म्हणजे प्रत्यक्षात एक झिप फाइल असते. तिच्यात पानं, चित्रं, आवाज आणि सगळ्या सामानाची एक यादी. कंपनीकडे दुसरीच एक यंत्रणा असते, तिला एलएमएस म्हणतात. कोण कर्मचारी, कुणाला कोणता कोर्स नेमून दिलाय, मुदत कधीची, कुणाचा किती झाला, हा सगळा हिशोब तिच्याकडे. कोर्स एकाने बनवलेला, एलएमएस भलत्याच देशातल्या दुसऱ्याने. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही, तरी कोर्स उघडताच त्यांची बोलणी सुरू होतात.

ती कशी, ते बघण्यासारखं आहे. कोर्स जागा होतो आणि ज्या खिडकीत तो उघडलाय तिच्यात 'एपीआय' नावाची वस्तू शोधतो. नाही सापडली तर त्या खिडकीच्या पालक खिडकीत, तिथेही नसली तर तिच्याही पालकाकडे. या बोलण्यांची जी नियमावली आजही सर्रास वापरात आहे, ती म्हणजे 'स्कॉर्म १.२'. तिच्यासोबत दिलेल्या नमुना कोडमध्ये हा शोध साताच्या आकड्यावर थांबतो. सात पिढ्या धुंडाळायच्या, तरी कुणी भेटलं नाही तर नाद सोडायचा! भेटलं की कोर्स वर्दी देतो, समोरच्याचं नाव विचारतो, मागच्या वेळी तो कुठवर आला होता ते विचारतो आणि तिथून पान उघडतो. हे सगळं ती बाई 'नमस्कार' म्हणायच्या आत उरकलेलं असतं.

'मागच्या वेळी कुठवर' हे लक्षात ठेवायला स्कॉर्म १.२ ने दिलेली जागा आहे ४,०९६ अक्षरांची. हा लेख अर्ध्यावर येईपर्यंत जवळपास तेवढी अक्षरं संपतील. कुठली पानं उघडली, कुठला व्हिडिओ कुठे थांबवला, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिलं, हे सगळं त्यात कोंबायचं. म्हणून कोर्स बनवणारे ते सांकेतिक खुणांत आवळून लिहितात. कोर्स फार लांबला की जागा पुरत नाही, नोंद अर्धवट राहते, आणि दुसऱ्या दिवशी माणूस म्हणतो, 'काल निम्मा केला होता हो, आज परत पहिल्यापासून!' निरोप घेण्याचीही एक रीत आहे. कोर्सने 'संपवतोय' असं कळवायचं असतं. घाईत वरची फुली दाबून खिडकी बंद केली तर कधीकधी ते कळवायचं राहूनच जातं. हेल्पडेस्कवर 'कोर्स कम्प्लीट दाखवत नाही' म्हणून जे फोन येतात, त्यांतल्या कित्येकांचं मूळ इथे असतं.

ही भाषा आली कुठून, तर विमानांमधून. १९८०च्या दशकात विमान कंपन्यांपुढे एक विचित्र अडचण होती. विमान बनवणारे आपल्या विमानाचं संगणकीय प्रशिक्षणही द्यायचे, पण ते ज्याच्या त्याच्या यंत्रावरच चालायचं. दोन कंपन्यांची विमानं घेतली की शिकवण्यासाठी यंत्रंही दोन तऱ्हेची आली. म्हणून १९८८ मध्ये या उद्योगाने 'एआयसीसी' नावाची समिती स्थापली. १९९३ मध्ये तिने शिकवणारा कोर्स आणि हिशोब ठेवणारी यंत्रणा यांनी आपसात कसं बोलावं याचे नियम काढले. पुढे १९९७ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने अशाच कामासाठी एक उपक्रम सुरू केला, त्यातून स्कॉर्म जन्मलं आणि २००१ मध्ये त्याची १.२ ही आवृत्ती आली. २०१४ मध्ये एआयसीसी विसर्जित झाली, पण तिची छाप राहिली. आजही नाशिकच्या बँकेतला कारकून पासवर्डवरचा कोर्स करतो तेव्हा त्याच्या प्रगतीची प्रत्येक नोंद 'सीएमआय' या अक्षरांनी सुरू होते. वैमानिक आणि मेकॅनिकांसाठी ठरलेली ही अक्षरं त्याच्या ब्राउजरमध्ये मुकाट्याने काम करत असतात.

पण या भाषेला मोजकंच बोलता येतं. कोर्सची स्थिती सांगायला तिच्याकडे सहाच शब्द: उत्तीर्ण, पूर्ण, अनुत्तीर्ण, अपूर्ण, नुसता चाळलेला आणि न उघडलेला. सोबत गुण आणि वेळ. वेळेचंही असं की खिडकी उघडी टाकून माणूस जेवायला गेला तर बहुधा ते जेवणही अभ्यासात धरलं जातं. या सहा शब्दांवर डॅशबोर्डचे हिरवे-लाल रंग ठरतात आणि वरिष्ठांच्या बैठकीत 'अठ्ठ्याण्णव टक्के पूर्ण' अशी घोषणा होते. माणसाच्या डोक्यात काय उरलं, यासाठी सातवा शब्द नाही.

डोक्यात काय उरतं याचा शोध संगणकाच्या कितीतरी आधी एका माणसाने एकट्याने घेतला होता. हरमान एबिंगहाउस हा जर्मन संशोधक. त्याने २,३०० च्या आसपास निरर्थक अक्षरसमूह तयार केले, अर्थ असला तर तो आठवणीला टेकू देईल म्हणून. त्यांच्या ओळी तो ठरलेल्या तालावर पाठ करायचा, काही वेळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा पाठ करायला किती कमी कष्ट पडतात ते मोजायचा. प्रयोग करणाराही तोच, ज्याच्यावर प्रयोग होतोय तोही तोच. १८८५ मध्ये त्याने निष्कर्ष छापले. वीसेक मिनिटांनी पुन्हा पाठ करताना पहिल्या कष्टांपैकी ५८ टक्के वाचत होते, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४ आणि महिन्याने २१. विसरणं पहिल्या तासात सुसाट धावतं आणि मग रेंगाळतं. २०१५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी हाच खटाटोप पुन्हा एका माणसावर केला, तेव्हा उताराचा आकार तसाच मिळाला. सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी माणसाची विसरण्याची चाल बदललेली नाही!

त्याच पुस्तकात आणखी एक आकडा आहे, तो मला त्या उतारापेक्षाही मोलाचा वाटतो. बारा अक्षरसमूहांची ओळ एकाच दिवशी सलग ६८ वेळा घोकली, तर दुसऱ्या दिवशी ती पाठ करताना जेवढी मदत झाली, तेवढीच मदत तीन दिवसांत विभागून केलेल्या अवघ्या ३८ घोकण्यांनी झाली. जवळजवळ निम्म्या कष्टांत तेवढंच काम. मधल्या वेळात त्याने काहीच केलं नव्हतं. नुसतं अंतर जाऊ दिलं होतं.

हे अंतर किती असावं? २००८ मध्ये निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक लोकांना क्षुल्लक माहिती शिकवून, वेगवेगळ्या अंतराने उजळणी करायला लावून, काहींची परीक्षा वर्षभराने घेतली. आठवडाभरच लक्षात ठेवायचं असेल तर दुसरी भेट एक-दोन दिवसांनी बरी पडते. वर्षभर ठेवायचं तर ती तीन ते पाच आठवड्यांनी. उजळणी कशी करावी याचंही उत्तर आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी पुस्तक मिटून आठवून लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने चित्र उलटलं: आठवून लिहिणारे ५६, वाचणारे ४२.

आता कंपनीतल्या ट्रेनिंगची आखणी यावर ठेवून बघा. व्हिडिओ लगेच संपतो, प्रश्न लगेच येतात, माणूस पास होतो आणि वर्षभर गाठ नाही. परीक्षा नेमकी अशा घटकेला घेतली जाते, जेव्हा सगळ्यांना सगळं येतं! माझ्या मते आखणी करणाऱ्याच्या हातातला खरा माल म्हणजे कॅलेंडर आहे. तासाभराचा कोर्स वीस मिनिटांवर आणावा, उरलेली चाळीस मिनिटं पुढच्या महिन्यांत पाच-पाच मिनिटांचे प्रश्न म्हणून विखरून द्यावीत. आपल्याकडे एमएस-सीआयटीने २००१ पासून लाखो लोकांना संगणकासमोर बसवलं, ते दोन-तीन महिने, थोडं थोडं करत. त्यामागे वेळापत्रकाची सोय असेल, पण स्मृतीच्या बाजूने पाहिलं तर ती चाल बरोबरच होती.

आकार वाढला की आखणीची सुरुवातही बदलावी लागते. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी मिशन कर्मयोगी मंजूर केलं, तेव्हा डोळ्यांसमोर सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचारी होते. एवढ्या लोकांना एकच कोर्स वाटून चालत नाही. म्हणून तिथे उलट्या टोकाने जायचं ठरलं: आधी त्या पदावरच्या माणसाची भूमिका, मग तो करतो ती कामं, मग त्यासाठी लागणारी क्षमता आणि कोर्स सगळ्यात शेवटी. कागदावर ही वाट सोपी दिसते. एकेका खुर्चीवर खरोखर काय काम चालतं हे लिहून काढायला बसलं, की घाम फुटतो.

सहा शब्दांचं बंधनही आता सैल झालंय. २०१३ मध्ये 'एक्सएपीआय' आलं. त्यात प्रत्येक नोंद एका छोट्या वाक्याची असते: कुणी, काय केलं, कशावर. कोर्सच्या खिडकीबाहेरचंही त्यात टिपता येतं. कंपनीने मुद्दाम पाठवलेला फसवा ईमेल कुणी उघडला आणि कुणी आयटी विभागाला कळवला, हे 'उत्तीर्ण'पेक्षा कितीतरी अधिक सांगून जातं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण जोखायच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या: आवडलं का, कळलं का, वागण्यात उतरलं का, कामावर परिणाम दिसला का. तिसरी पायरी मोजायला असं साधन आता हाती आलं आहे.

मात्र ही वाक्यं कुणाला दिसणार, हे आधीच ठरवावं लागतं. आठवून उत्तर देण्यात फायदा आहे तो चुकण्याची मुभा असते तोवर. सरावातली चूक साहेबांच्या स्क्रीनवर झळकू लागली, तर लोक शेजारच्या टेबलावर विचारून उत्तरं भरतील, आणि अहवालात सगळं ऑफिस पैकीच्या पैकी गुणांनी पास झालेलं दिसेल.