खलिता, जासूद आणि शिपायाच्या खिशांतील फोन

छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचें औरंगाबाद) पश्चिमेस वैजापूर तालुक्यांत पालखेड हें गांव आहे. इ. स. १७२८ च्या फेब्रुवारींत थोरल्या बाजीरावांनीं निजामउल्मुल्कास येथेंच कोंडलें. निजामाचा जड तोफखाना मागें राहिला होता हें खरें. परंतु शत्रूच्या हालचालीची खबर एकास वेळेवर मिळे व दुसऱ्यास मिळत नसे, यावरच बराचसा निकाल लागला असें आम्हांस वाटतें.

ही खबर आणणारे जासूद व हरकारे. खलिता वाटेंत पकडला गेला तर घात होई, म्हणून मजकूर झांकीत. १७६१ सालीं पानिपतची वार्ता नानासाहेबांस सावकारी भाषेच्या पत्रांतून कळली व त्यांत मोत्यांच्या आणि मोहरांच्या मिषानें मेलेल्यांची गणना होती, हें वाचकांस विदित आहेच.

आजच्या शिपायाच्या स्मार्टफोनाचें दुखणें निराळें. तेथें मजकूर झांकून भागत नाहीं. धनी एक शब्दही बोलला नाहीं तरी चालू फोन जवळच्या मनोऱ्याशीं वरचेवर संधान बांधतो, आणि त्या लहरी टिपणाऱ्यास त्याची जागा काढतां येते. पत्र लिहिलेंच नाहीं, तरी पत्ता शत्रूच्या हातीं जातो! १ जानेवारी २०२३ रोजीं युक्रेनमधील माकीव्का येथें रशियन सैनिक उतरलेल्या इमारतीवर अग्निबाण पडले. रशियाच्या संरक्षण खात्यानें ८९ मृत सांगितले (युक्रेनचा आंकडा पुष्कळ मोठा होता) आणि मुख्य कारण म्हणून मनाई मोडून केलेला फोनवापर पुढें केला. इतकीं माणसें एका छपराखालीं कोणी ठेवलीं, असें तेथील लोकांनींही विचारलें. मेलेल्यांवर दोष लोटण्याची रीत बखरी चाळणारांस नवी नाहीं.

आपल्या सेनेनें जुलै २०२० मध्यें जवानांस फेसबुक, इन्स्टाग्राम धरून ८९ ॲप काढून टाकण्यास सांगितलें. हुकूम योग्यच होता. अडचण आहे ती आम्हां कागद धुंडाळणारांची. छावणींतून आलेलीं पत्रें रुमालांत बांधून राहिलीं, म्हणून अठरावें शतक आम्हांस वाचतां येतें. फोनमधील निरोप मात्र फोनाबरोबरच जातो. तेव्हां ज्यांच्या घरीं कोणी फौजेंतून निवृत्त होऊन आला असेल, त्यांनीं नियमांस बाध न येईल तेवढी हकीकत तारीखवार उतरून घ्यावी. कागद मात्र टिकाऊ वापरावा.