आरोग्य-संशोधनात लोकांचा सहभाग

मनुष्यावरील वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वे सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा जागतिक वैद्यकीय संघाने १९६४ साली संमत केला. ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्या मनुष्यास त्यात ‘प्रयोगविषय’ या अर्थाची संज्ञा होती. २०२४ च्या सुधारणेत तिच्या जागी ‘सहभागी’ ही संज्ञा आली. आणि संशोधनापूर्वी, ते चालू असता व संपल्यावरही सहभागी व्यक्ती आणि त्यांचा समाज यांच्याशी अर्थपूर्ण विचारविनिमय व्हावा, असे सांगण्यात आले. हा बदल केवळ सौजन्याचा आहे काय? वस्तुतः त्याचा संबंध ज्ञानाच्या यथार्थतेशी आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

पहिला मुद्दा प्रश्नाच्या निवडीचा. गुडघ्याच्या संधिवातावरील संशोधनाचा ब्रिटनमध्ये केलेला एक आढावा २००० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. त्या विषयावरील बहुसंख्य प्रयोग औषधांचे होते. रुग्णांना मात्र सांधेरोपणाविषयी, तसेच दुखण्यासह दैनंदिन जीवन कसे चालवावे याविषयी अधिक जाणून घ्यावयाचे होते. प्रत्येक प्रयोग शास्त्रशुद्ध असूनही त्यांची एकूण दिशा रुग्णांच्या गरजेशी जुळत नव्हती.

दुसरा मुद्दा निरीक्षणाच्या क्षेत्राचा. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र सुमारे ८ टक्केच होत्या. म्हणजे रुग्णालयातील नोंदींवरून अनुमान काढणाऱ्या अभ्यासकास या दुःखाचा फारच थोडा अंश दिसला असता. त्याचबरोबर हेही लक्षात घेतले पाहिजे, की तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्केच होत्या. अर्थात केवळ लोकांच्या सांगण्यावर विसंबूनही भागत नाही. लोकांचा विश्वास आणि वैद्याची तपासणी या दोहोंच्या संयोगानेच येथे सत्य हाती आले.

तिसरा मुद्दा साधनांचा. बालकांतील न्यूमोनिया ओळखण्यासाठी एका मिनिटातील श्वास मोजावे लागतात. पण गडचिरोलीतील अनेक सुइणींना बारापर्यंतच मोजता येई. त्यांना अपात्र ठरविण्याऐवजी बंग दांपत्याच्या ‘सर्च’ या संस्थेने वाळूचे घड्याळ व मणी बसविलेली एक पाटी तयार केली. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. मिनिट संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली, तर रोग समजावा. पुढे याच संस्थेने गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात अर्भकांच्या घरगुती शुश्रूषेचे शिक्षण दिले. हा प्रयोग ३९ गावांत झाला व त्याची तुलना ४७ गावांशी करण्यात आली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युप्रमाणात तुलनेने सुमारे ६२ टक्के घट दिसून आली, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात नमूद आहे. लोकसहभागामुळे तुलनेचा काटेकोरपणा सुटतो, हा आक्षेप या उदाहरणापुढे टिकत नाही.

तथापि दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. गावाच्या नावाने बोलणारा मनुष्य गावातील सर्वांचा प्रतिनिधी असतोच असे नाही. सरपंचाची संमती म्हणजे सुनेची संमती नव्हे. दुसरे असे, की कोणता प्रश्न महत्त्वाचा, कोणता त्रास सोसण्याजोगा, कोणते साधन वापरण्याजोगे, हे लोकांनी सांगावे. परंतु औषध गुणकारी आहे की नाही, याचा निर्णय बहुमताने होत नाही. तो पुराव्यानेच झाला पाहिजे.

आपल्याकडील प्रबंधांत पुष्कळदा प्रश्नावली तयार झाल्यावरच अभ्यासक गावाची वाट धरतो, आणि माहिती गोळा होताच गावाशी त्याचा संबंध संपतो. प्रश्नावलीपूर्वी एकदा आणि निष्कर्षानंतर एकदा, अशा निदान दोन भेटींची तरतूद संशोधनाच्या आराखड्यातच असावी. पहिल्या भेटीत प्रश्न तपासला जाईल, दुसरीत उत्तर. ज्या निष्कर्षाचा अर्थ त्या गावास त्याच्या भाषेत सांगता येत नाही, तो अभ्यासकास तरी पुरता उमगला आहे काय, हे त्याने स्वतःस विचारून पाहावे.