निर्धूर चूल : मांडणी आणि निगा

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीसारख्या गावी पौषातील पहाट झाली, म्हणजे पुष्कळ घरी दोन विस्तव पेटतात. एक स्वयंपाकघरातील चुलीत आणि दुसरा अंगणातील बंबाखाली. गॅसची शेगडी आली, तरी भाकरीसाठी व स्नानाच्या पाण्यासाठी पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या यांचा उपयोग अद्यापि संपलेला नाही. जळण दोन ठिकाणी जळते. धूर मात्र बहुधा एकाच व्यक्तीच्या डोळ्यांत व छातीत जातो, आणि ती व्यक्ती म्हणजे घरची गृहिणी होय.

युरोपातील थंड देशांत या दोन विस्तवांचा एक विस्तव करण्याची युक्ती फार दिवसांपासून रूढ आहे. तेथील लोखंडी चुलीच्या मागील अंगास पाण्याची बंद टाकी बसविलेली असते आणि तीतील ऊन पाणी नळांतून खोल्याखोल्यांत फिरून सारे घर उबदार ठेवते. मराठवाड्यात घर तापविण्याची आवश्यकता नाही. परंतु अन्न शिजवून उरलेली उष्णता पाण्यास द्यावी, हे तत्त्व येथेही तितकेच उपयुक्त आहे. देवगाव ज्या हैदराबाद राज्यात १९५६ पर्यंत होते, त्याच राज्यातील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे डॉ. एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीचा पुरस्कार केला व १९५३ साली त्या विषयावर पुस्तकही प्रसिद्ध केले. वर्ध्याच्या मगनवाडीतील ‘मगन चूल’ही याच कुळातील होय.

या चुलीची रचना अवघड नाही. पुढे जळणाचे तोंड, त्यावर मुख्य भांडे, मागे वैल, त्याच्याही मागे पाण्याच्या भांड्याचे तिसरे छिद्र आणि शेवटी धुराडे. चारही भाग आतून एका मार्गाने जोडलेले असतात. धुराड्यातील तप्त वायू हलका होऊन वर चढतो, आणि त्याची जागा घेण्यास चुलीच्या तोंडातून हवा आत ओढली जाते. ही ओढ हाच या चुलीचा प्राण होय. धुराड्यात शिरणारा वायू थंड झाला, तर ओढ मंदावते व धूर मागे फिरतो. म्हणून तिसऱ्या छिद्रावर फार मोठे भांडे ठेवून उष्णतेचा कण न् कण वसूल करण्याचा लोभ धरू नये. धुराड्यासही त्याचा वाटा द्यावा लागतो.

मांडणी करताना प्रथम मातीचा विचार करावा. नुसती काळी माती सुकताना तडकते; तीत पांढरी माती, भुसा व शेण मिसळून चांगले तुडवावे. भांड्यांची छिद्रे घरातील नित्याच्या भांड्यांच्या मापाचीच पाडावीत, कारण फट राहिली की तेथूनच धूर निघतो. भाकरी निखाऱ्यांसमोर उभी करून शेकावयाची असते, म्हणून पुढील तोंड अगदी अरुंद करून चालत नाही. धुराड्याची नळी आतून तीन ते चार इंच रुंद असावी व माळवदाच्या अथवा छपराच्या वर निदान दोन फूट न्यावी. लाकडी तुळई व गवत यांपासून ती दूर राहील अशी योजना करावी आणि वर पावसाची टोपी बसवावी. चूल सावलीत पूर्ण वाळू द्यावी. ओली असता मोठा जाळ केल्यास ती हमखास तडकते.

यापुढे निगेचा प्रश्न येतो. ओले जळण घातले म्हणजे नळीत चिकट काजळी धरते. ती साचली की ओढ कमी होते, आणि कधी तीच पेट घेते. म्हणून धुराड्याच्या तळाशी विटेने बंद करता येईल असे एक छिद्र ठेवावे व महिन्यातून एकदा, चूल पूर्ण थंड असता, दोरीला चिंध्या बांधून नळी झाडून काढावी. आतील मार्गातील राख आठवड्यास काढावी. भेगा दिसताच लिंपून घ्याव्यात. भांडे उतरविले की छिद्रावर झाकण ठेवावे. निखारे फुललेले असता धुराड्याची वाट कधीही पूर्ण बंद करू नये. त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूस वास नसतो व रंगही नसतो, आणि बंद खोलीत निजलेला माणूस त्यामुळे दगावतो. थंडीत शेगडी जवळ घेऊन दारे लावून निजणाऱ्यांनीही हे ध्यानी धरावे.

पाण्याच्या भांड्यासंबंधी दोनच नियम आहेत. पाणी घातल्यावाचून विस्तव करू नये. तांब्याच्या बंबाचे सांधे कोरड्या आचेने निखळतात. दुसरे, भांड्याचे तोंड घट्ट बंद करू नये. वाफेस वाट नसेल, तर युरोपातील बंद टाकीसही स्फोटाचे भय असते. म्हणूनच तेथे वाफ सोडणारी झडप सक्तीने बसवितात. आपला बंब वरून मोकळा असतो, हे त्याचे मोठेच सुरक्षिततेचे लक्षण होय.

१९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ मध्ये तो थांबला. त्या काळात चुली पुष्कळ बसल्या. परंतु ज्या घरी नळी झाडण्याचे व भेगा लिंपण्याचे काम कोणाचे, हे ठरले नाही, तेथे त्या लवकरच पुन्हा धुरकट झाल्या. गवंडी चूल एकदाच बांधून जातो. पुढे ती निर्धूर राहणे घरच्यांच्या हाती असते. तेव्हा नळी झाडण्याचे काम घरातील पुरुषांनी आपणाकडे घ्यावे, हेच उचित. धूर जिने सोसला, तिच्यावरच काजळीचाही भार टाकणे न्यायाचे नाही.