नाव असे हवे की प्रश्न विचारता येईल

दहावीच्या विज्ञानात बहिर्वक्र भिंगाला ‘अभिसारी भिंग’ म्हणतात. कारण त्यातून जाणारे समांतर किरण नाभीत एकत्र येतात. हाच शब्द आता तंत्रज्ञानालाही लावला जातो. वेगवेगळ्या वाटांनी वाढलेल्या विद्याशाखा एका कामासाठी एकत्र आल्या की त्यांना ‘अभिसारी तंत्रज्ञाने’ म्हणतात. भिंगाची नाभी आम्ही विद्यार्थ्यांना कागदावर काढून दाखवितो. तंत्रज्ञानाची नाभी कोठे आहे, हे मात्र विचारावे लागते. आणि ते विचारता यावे, असे नाव त्याला असावे लागते.

डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पुढाकाराने झालेल्या कार्यशाळेत नॅनो तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, माहिती तंत्रज्ञान व बोधविज्ञान या चार शाखांचा एकत्रित विचार झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ‘एनबीआयसी’ हे नाव पडले. अहवालाच्या शीर्षकात ‘मानवी कार्यक्षमता वाढविण्यासाठी’ असा हेतू नमूद होता. २००४ मध्ये युरोपीय आयोगाच्या तज्ज्ञगटाने मात्र आपल्या अहवालाचे शीर्षक ‘अभिसारी तंत्रज्ञाने : युरोपीय समाजांच्या भविष्याची घडण’ असे ठेवले. विद्या बहुतांशी त्याच. पण एका शीर्षकात माणसाची क्षमता केंद्रस्थानी आली, दुसऱ्यात समाज.

आद्याक्षरांचे नाव सोयीचे खरे, पण ते ऐकून काहीच कळत नाही. ‘नॅनो’ला मराठीत ‘अब्जांश’ म्हटले की मीटरच्या अब्जाव्या भागाचे माप चटकन ध्यानी येते.

आकर्षक नावाचा धोका याहून मोठा. कॉक्लिअर इम्प्लांट हे उपकरण ध्वनीचे विद्युतसंकेत करून ते आंतरकर्णातून श्रवणचेतेला पोहोचविते. त्याला ‘बायोनिक कान’ म्हटले की आईवडिलांना वाटते, लेकराला निसर्गाचा कान परत मिळाला. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेनंतर ऐकण्याबोलण्याचा दीर्घ सराव करून घ्यावा लागतो. हे आधी न कळलेले कुटुंब पुढे निराश होते, आणि सराव सुटला तर नुकसान मुलाचे होते.

म्हणून कोणतेही नवे नाव कानी पडताच तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो : यात काय काय एकत्र आले आहे? ते नेमके काय करते? आणि कोणासाठी? आमच्या वसतिगृहातील अनेक मुले त्यांच्या घरात प्रथमच शिकणारी आहेत. उद्या दवाखान्यात संमतिपत्रावर अंगठा उठविण्यापूर्वी आजी त्यांनाच विचारील, “बाळा, हे काय लिहिलंय?” त्या वेळी त्यांच्यापाशी आजीला कळेल असा शब्द असावा.