धूपपात्र आणि निखारा

जेरुसलेमच्या जैतुनाच्या डोंगरावर एक रशियन मठ आहे. तिथल्या संग्रहातला एक शिलालेख १९३१ साली पुरातत्त्वज्ञ एलाझार सुकेनिक यांनी उजेडात आणला. अरामी भाषेतल्या त्याच्या चार ओळींचा आशय असा: यहूदाचा राजा उज्जीया याच्या अस्थी इथे आणल्या आहेत, हे उघडू नये. दगड साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, म्हणजे राजाच्या मृत्यूनंतर सातशेहून अधिक वर्षांनी कोरलेला. ज्याच्या अस्थी लोकांनी इतका काळ जपल्या, तो राजा बायबलमध्ये मात्र अहंकाराने नाश ओढवून घेणारा म्हणून येतो.

‘दुसरा इतिहास’ या ग्रंथाचा सव्विसावा अध्याय त्याचे गुणही हातचे न राखता सांगतो. सोळाव्या वर्षी गादीवर बसलेल्या उज्जीयाने बावन्न वर्षे राज्य केले. पलिष्ट्यांच्या नगरांचे तट पाडले, रानात बुरूज उभारले, पाण्यासाठी हौद खोदले. त्याला शेतीची मनापासून आवड होती. जेरुसलेमच्या बुरुजांवर त्याने बाण आणि धोंडे फेकणारी यंत्रे बसवली. बळ वाढले आणि त्याबरोबर गर्वही चढला. एके दिवशी तो धूप जाळण्यासाठी मंदिरात शिरला. तो मान अहरोनाच्या वंशातल्या याजकांचा होता. अजऱ्या याजकाने ऐंशी याजकांसह त्याला अडवले. राजा धूपपात्र हातात घेऊन संतापला आणि तिथेच त्याच्या कपाळावर कोड उठले. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस याच प्रसंगाशी भूकंपाचा संबंध जोडतो. उज्जीयाच्या काळातल्या भूकंपाचा उल्लेख आमोस आणि जखऱ्या यांच्या ग्रंथांतही आहे.

राजा त्या दिवशी मूर्तिपूजा करायला गेला नव्हता. तो देवाच्याच मंदिरात, देवालाच धूप वाहायला गेला होता. म्हणूनच ही कथा श्रद्धावंताला हलवून सोडते. पूजेचे साहित्य हातात असतानाही माणूस स्वतःचेच माहात्म्य मिरवत असू शकतो.

उज्जीया वारला ते वर्ष इसवी सनापूर्वी ७४०च्या सुमाराचे. यशया संदेष्टा आपल्या दर्शनाची सुरुवात त्याच वर्षाच्या उल्लेखाने करतो. उंच सिंहासनावर प्रभू, मंदिर व्यापणारा त्याच्या वस्त्राचा घोळ आणि भोवती सहा पंखांचे सराफीम. त्यांचे दोन पंख तोंड झाकायला, दोन पाय झाकायला आणि उडायला फक्त दोन. स्वर्गीय सेवकांनाही तिथे तोंड उघडे ठेवता येत नाही. त्यांच्या ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ या घोषाने उंबरठे हादरतात, मंदिर धुराने भरते. कोड झालेल्याने ओठ झाकून आपण अशुद्ध असल्याचे ओरडून सांगावे, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक होता. धडधाकट यशया नेमकी आपल्या ओठांचीच अशुद्धता कबूल करतो आणि आपल्या लोकांनाही त्या कबुलीत सामील करून घेतो. मग वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांना लागतो. त्याचा दोष दूर होतो.

सराफीमांचा तो त्रिवार घोष आजही थांबलेला नाही. ख्रिस्ती मिस्सात तो गायला जातो. वसईच्या चर्चमध्ये तो मराठीत घुमतो. ज्यूंच्या प्रार्थनेतही तो आहे. ‘पवित्र’ हा उच्चार तीनदा करताना टाचा उचलण्याची त्यांची प्रथा आहे. मुंबईत बेने इस्रायली ज्यूंचे शार हाराहामीम हे प्रार्थनालय १७९६ साली स्थापन झाले, तेव्हा या महाराष्ट्रालाही तो घोष अनोळखी नाही.

पण यशयाचा ग्रंथ नुसत्या घोषावर समाधान मानत नाही. पहिल्याच अध्यायात देव सांगतो की रक्ताने माखलेल्या हातांचे यज्ञ, धूप आणि सण आपल्याला नकोसे झाले आहेत; अनाथाला न्याय द्या, विधवेची बाजू घ्या. देवापुढे वाकलेला माणूस दुबळ्यांपुढे ताठ उभा राहू शकत नाही, हे बायबलचे ठाम म्हणणे आहे.

निखारा लागल्यावर यशयाला प्रश्न ऐकू येतो: कोणाला पाठवू? तो पुढे होतो. मिळणारे काम मात्र कठीण: लोक ऐकतील पण समजून घेणार नाहीत, नगरे ओसाड होतील. उज्जीयाला यश मिळाले आणि तो आपली पायरी विसरला. यशयाला अपयश आधीच सांगितले गेले, तरी त्याने ते काम नाकारले नाही. माझ्या मते खऱ्या उपासनेची ओळख इथेच पटते: देवाचे मोठेपण एकदा डोळ्यांत भरले की माणसाला स्वतःच्या यशाची हमी मागावीशी वाटत नाही.